घरात कॅमेरा नको, सेन्सर पुरे



भाद्रपद जवळ आला की आपल्या महिला मंडळात दोन विषय हमखास निघतात. एक, यंदा दशलक्षणात कोण किती उपवास करणार. आणि दुसरा, सगळे बस्तीत असताना घराकडे कोण बघणार. शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस सकाळी अभिषेक-पूजा, दुपारी स्वाध्याय, संध्याकाळी प्रवचन आणि आरती. आपण घरात कधी नसतो हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही सांगता येईल. त्यातून शिखरजीची यात्रा निघाली तर दहा-बारा दिवस दाराला कुलूप, आणि गाडी स्टेशनातून सुटायच्या आत फोटो सगळ्या ग्रुपवर. २०१८ साली श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक झाला तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी आळ्या अशाच ओस पडल्या होत्या. पुढचा बारा वर्षांनी, म्हणजे २०३० ला.

तर घराची राखण हवी, यात वाद नाही. काही अक्का म्हणतात, “कर्मात जायचं असेल ते जाणार, अलार्म कशाला?” असं म्हणणाऱ्या अक्काही रात्री कडी दोनदा ओढून बघतात. दाराला कुलूप लावलं म्हणून कर्मसिद्धांतावरची श्रद्धा कमी होत नाही. उघडं टाकलेलं घर हा दुसऱ्याच्या लोभाला दिलेला आयता धक्का आहे, आणि तो धक्का आपण का द्यावा?

माझा आक्षेप राखणीला नाही, ती कशी केली जाते याला आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत कॅमेरे शिरले. दाराबाहेर, जिन्यात, दुकानात असतील तर ठीक. पण आता ते सोप्यात आले, जेवणघरात आले, एका घरी तर तिजोरीच्या खोलीत म्हणून बसवलेला कॅमेरा प्रत्यक्षात सुनेच्या झोपायच्या खोलीच्या दारावर रोखलेला. चित्र कोणाच्या फोनवर दिसतं? पुण्याला असलेल्या मुलाच्या, कधी दिराच्या, कधी कॅमेरा बसवून गेलेल्या पोराच्याही. सून किती वाजता उठली, माहेरच्यांशी किती वेळ फोनवर बोलली, कामवाली बसून चहा पीत होती का, हे सगळं चोर पकडायच्या नावाखाली बघितलं जातं. आणि चोर मात्र येताना तोंडाला रुमाल बांधून येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. घराच्या आत कॅमेरा नको. आत मोशन सेन्सर लावा. आणि तो कुठे लावायचा, कसा लावायचा, कधी चालू-बंद करायचा हे घरातल्या बाईने ठरवावं.

हा सेन्सर म्हणजे काय ते आधी समजून घेऊ, कारण पुष्कळ जणींना वाटतं की त्यातून कसले तरी किरण निघतात आणि लहान मुलांना बाधतात. साध्या पीआयआर सेन्सरमधून काहीही निघत नाही. आपल्या अंगातून उष्णतेचे न दिसणारे किरण सतत बाहेर पडत असतात, ते तो नुसते टिपतो. समोरची पांढरट, रेघारेघांची भिंगासारखी प्लास्टिकची पट्टी खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की आतल्या चकतीवर पडणारी उष्णता बदलते आणि तो पॅनेलला कळवतो. बस्स. कोण गेलं, काय नेसलं होतं, रडत होतं की हसत होतं, यातलं त्याला काहीही कळत नाही. मला हे त्याचं न कळणंच आवडतं.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यात एक आहे रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्यांचं एकांतातलं वागणं चव्हाट्यावर आणणं. गंमत बघा, तो असत्याच्या खात्यात टाकला आहे. गोष्ट खरी असली तरी दोष लागतो. घरातल्या कॅमेऱ्याची क्लिप “बघा हो आमच्याकडे काय चालतं” म्हणून पुढे ढकलली जाते तेव्हा मला हाच शब्द आठवतो. आणि अनर्थदंडात अपध्यान सांगितलं आहे, म्हणजे दुसऱ्याचं वाईट चिंतत बसणं. दुपारभर फोन उघडून बाई काय उचलते का हे बघत बसणं त्यापासून फार लांब आहे असं मला वाटत नाही. शास्त्रात कॅमेरा नव्हता हे मलाही ठाऊक आहे, कोणी पंडितजींकडे तक्रार करू नका.

आमच्या ओळखीच्या एका घरात गेल्या साली असं झालं. सोन्याची साखळी सापडेना. कॅमेऱ्यात अकरा वर्षं कामाला असलेली बाई त्या खोलीत दोनदा जाताना दिसली. केर काढायला जाणारच ना ती? पण चित्र होतं, म्हणून पुरावा झाला. तिला पाचजणांसमोर विचारलं. तिने पदर झटकून दाखवला आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तीन आठवड्यांनी साखळी लग्नाच्या शालूच्या घडीत मिळाली. सांगायला तिच्या घरी कोण गेलं म्हणता? कोणी नाही. साखळी परत मिळाल्याचे पेढे मात्र वाटले.

सेन्सर असता तर हे झालं नसतं, कारण दिवसा घर जागं असताना तो बंदच असतो. तो घर रिकामं असतानाच्या हालचालीवर ओरडतो, कामाला आलेल्या माणसावर नाही. त्याची राखण वस्तूची आहे, माणसांची नाही.

अहिंसेच्या बाजूनेही बघा. बंगल्याच्या भिंतीवर काचा लावतात, कोणी तारेत वीज सोडतं. त्यात मांजरं मरतात, खारी मरतात, कधी चेंडू आणायला गेलेलं पोर भाजतं. कोणी कुत्रा आणून दिवसभर साखळीला बांधतं. अहिंसाणुव्रताचा पहिलाच अतिचार बंध आहे, आणि यात्रेला जाताना शेजाऱ्याच्या भरवशावर त्याला सोडलं तर पाचवा, अन्नपाननिरोध, तोही लागायचा. भिंतीच्या कोपऱ्यात गप्प बसलेली हातभर दूरही न लागणारी ही डबी कोणालाही इजा करत नाही. चोरालासुद्धा नाही. तो आवाजाने पळून गेला, यापेक्षा आपल्याला काय हवं आहे?

आता लावण्याविषयी. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण बसवायला येणारा मुलगा घाईत असतो आणि घरातला पुरुष “कुठेही लाव रे, तुला कळतं” म्हणून चहा घेत बसतो. पुढे वर्षभर खोट्या भोंग्याने दचकून उठतो कोण? आपण.

उंची जमिनीपासून सात-साडेसात फूट. भिंतीच्या मधोमध नको, कोपरा बरा, तिथून पूर्ण खोली त्याच्या टप्प्यात येते. साधा घरगुती सेन्सर पस्तीस-चाळीस फुटांपर्यंत बघतो, आपल्या खोल्यांना तेवढं भरपूर. महत्त्वाची गोष्ट ही की समोरून सरळ त्याच्याकडे चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो आणि आडवा जाणारा लगेच कळतो, कारण आडवं जाताना पट्टे ओलांडले जातात. म्हणून चोर ज्या दारातून येईल त्याच्या बरोबर समोर सेन्सर लावू नका. त्याची वाट आडवी कापली जाईल अशा बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्यात लावा. बसवणारा समोर लावू लागला तर त्याला थांबवायला लाजू नका.

त्याचं तोंड खिडकीकडे नको. दुपारचं ऊन आत आलं, ढग आला, पुन्हा ऊन आलं, की फरशी तापते-निवते आणि त्याला वाटतं कोणी आलं. काचेपलीकडचा माणूस मात्र त्याला दिसत नाही, कारण काच ती उष्णता अडवते. तेव्हा खिडकीवर रोखण्यात फायदा काहीच नाही. फ्रिज, एसीचा झोत, गॅसची शेगडी, यांच्याकडेही तोंड नको. आणि आपल्या घरांसाठी खास म्हणजे देव्हारा. समईची ज्योत हलती असते, उष्ण असते. चैत्यालय असलेल्या घरी अखंड दिवा असेल तर सेन्सरला त्याची पाठ दाखवा. पंख्याने हलणारा पडदा, कॅलेंडर, वाळत टाकलेली धूतवस्त्रं, हेही समोर असू नयेत. पावसाळ्यात सोप्यात दोरी बांधणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवावं.

मुंग्या, कोळी, पाल यांचं बघा. पीआयआरच्या भिंगावरून मुंगी किंवा कोळी चालला तरी तो अगदी जवळ असल्याने सेन्सरला मोठा वाटतो आणि भोंगा वाजतो. बसवणारे त्यावर औषध फवारायला सांगतात. त्याची काहीएक गरज नाही. वायर जिथून डबीत शिरते ते भोक आणि मागच्या पाठीवरची उघडी फट सिलिकॉनने बंद करून घ्या. आत वाट नसली की जीव शिरत नाही, मरत नाही. ट्यूबलाइटच्या शेजारी सेन्सर लावू नका. दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाल येते. आठवड्याला एकदा कोरड्या मऊ कुंच्याने भोवतालची जागा हलकेच पुसून घेतली की जाळं धरत नाही. यत्नाचार म्हणजे आणखी काय असतं? हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मशीनलाही जीवदया शिकवलीस.”

उन्हाळ्याचं एक लक्षात ठेवा. आपल्याकडे सोलापूर, सांगली, मिरज भागात बंद घर एप्रिल-मेमध्ये भट्टीसारखं तापतं. खोलीची हवा आणि माणसाचं अंग यांच्यात फरकच उरला नाही की साधा सेन्सर मंदावतो. तापमानाप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारा सेन्सर मिळतो, घेताना तोच मागा. दुसरा प्रकार आहे दुहेरी सेन्सर, ज्यात उष्णतेबरोबर सूक्ष्मलहरीही वापरतात आणि दोन्हींनी हो म्हटल्यावरच भोंगा वाजतो. तो खोटा कमी वाजतो, पण यातून लहरी निघतात आणि त्या पातळ लाकडी भिंतीतून, काचेतून पलीकडे जातात. जुन्या वाड्यातल्या फळ्यांच्या पार्टिशनला तो फार तेज ठेवू नका.

मांजर असेल तर पाळीव प्राणी सोडून देणारा सेन्सर मिळतो. तो ठरावीक वजनाच्या आतल्या, जमिनीवरून चालणाऱ्या प्राण्याकडे दुर्लक्ष करतो. मात्र मांजर कपाटावर उडी मारून सेन्सरच्या तोंडाशी गेलं तर त्याचा इलाज नाही. सेन्सरसमोर उंच कपाट, माळा, जिना ठेवू नका.

आता सेटिंग. पॅनेलवर सेन्सरचे भाग पाडतात, त्याला झोन म्हणतात. दारापाशी जो झोन असतो त्याला थोडा अवधी देतात, तीस-पंचेचाळीस सेकंद, म्हणजे घरात शिरून आकडे दाबायला वेळ मिळतो. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार करून हा वेळ ठरवा. तरणा मुलगा वीस सेकंद पुरे म्हणेल. त्याला म्हणावं, आजीला काठी घेऊन दारापासून कीपॅडपर्यंत चालू दे आणि मग घड्याळ बघ. बाकीचे झोन लगेच वाजणारे असतात.

मग दोन पद्धती असतात. घर रिकामं असताना सगळंच जागं ठेवायचं, आणि रात्री घरात माणसं असताना फक्त दारं, खिडक्या आणि निवडलेले झोन. आपल्या घरात कोणीतरी पहाटे चारला उठून सामायिकाला बसतं, कोणी पाच वाजता पाणी गाळतं. त्यांची वाट रात्रीच्या पद्धतीतून वगळली पाहिजे. हे बसवणाऱ्याला ठाऊक नसतं, आपणच सांगावं लागतं. उलट स्वयंपाकघराचा झोन आपल्याकडे सूर्यास्तानंतर बिनधास्त चालू ठेवता येतो. इतरांना ही सोय नाही! आमच्या शेजारच्या काकूंच्या नातवाचं रात्री साडेदहाला फ्रिजमधलं श्रीखंड असंच उघडकीला आलं. पण कोणी रात्री औषधाला पाणी घेत असेल तर तो झोन सोडा. म्हाताऱ्या माणसाने भोंग्याच्या भीतीने तहान मारून पडून राहणं ही राखण नव्हे.

संवेदनशीलता बदलायची छोटी खिटी डबीच्या आत असते. एका हालचालीवर वाजावं की दोन-तीन मोजून, हे तिथे ठरतं. खोटे भोंगे होत असतील तर आधी जागा तपासा, मग खिटी हलवा. बसवणारे उलटं करतात, सेन्सर मंद करून जातात, आणि पुढे चोर आला तरी तो झोपलेलाच. लावून झाल्यावर चालून बघायची चाचणी करून घ्या. पॅनेल टेस्टवर ठेवलं की हालचालीला सेन्सरवरचा दिवा लागतो. मुलाला नको, तुम्ही स्वतः चाला. भिंतीच्या कडेने चाला, वाकून चाला, तिजोरीपाशी जा. कुठे दिवा लागत नाही ते कळेल. बिनतारी सेन्सर बॅटरी वाचवायला एकदा टिपल्यावर दोन-तीन मिनिटं झोपतो, म्हणून त्याची चाचणी टेस्टवरच करावी, नाहीतर बिघडला असं वाटतं.

आकड्यांबद्दल मी हट्टी आहे. पॅनेल येताना कारखान्याचा ठरलेला आकडा असतो, तो आणि बसवणाऱ्याचा आकडा, दोन्ही तुमच्यासमोर बदलले पाहिजेत. मुख्य आकडा घरातल्या बाईकडे असावा. पुष्कळ घरांत तो फक्त मालकांना माहीत असतो. ते दुकानात, आणि भोंगा वाजल्यावर सून अंगणात उभी राहून फोन लावते आहे. प्रत्येकाला वेगळा आकडा देता येतो. कामाच्या बाईलाही द्या. तिच्या हातात किल्ली देता ना? मग आकड्याला काय झालं? ज्या दिवशी तिला तो दिलात त्या दिवशी घरातलं वातावरण कसं बदलतं ते बघा.

वीज जाते, म्हणून पॅनेलमध्ये बारा व्होल्टची बॅटरी असते. ती साधारण तीन-चार वर्षांत थकते, आणि हे कोणी सांगायला येत नाही. पॅनेलमध्ये सिम असेल तर त्याचं रिचार्ज संपलेलं असतं, हेही नेहमीचंच. यात्रेला निघायच्या आठ दिवस आधी मेन स्विच बंद करून भोंगा वाजतो का आणि फोन येतो का, दोन्ही बघा. फोन ज्यांच्याकडे जाणार त्यात एक तरी माणूस यात्रेला न येणारा हवा. सगळे नंबर शिखरजीच्या डोंगरावर असतील तर काय उपयोग?

एक परिग्रहाचीही गोष्ट आहे, कडू लागली तरी लिहिते. एका कपाटासाठी तीन सेन्सर, दोन भोंगे आणि जाळीचं दार लागत असेल, तर प्रश्न सेन्सरचा राहिलेला नाही. जे वर्षातून एकदा लग्नात घालायचं ते बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ दे. परिग्रहाचं परिमाण आपण वहीत लिहितो, कधीतरी कपाट उघडूनही करावं.

बस्तीत सेन्सर लावावा का असं दोघी-तिघींनी विचारलं होतं. पंचधातूच्या मूर्ती, चांदीची छत्रं असतात, चिंता रास्त आहे. पण आपल्या बस्त्यांत चिमण्या, कबुतरं, वटवाघळं येतात आणि दिवे तेवत असतात, तिथे पीआयआर रोज खोटा वाजेल, आणि मग कंटाळून कोणीतरी त्याची वायरच काढून ठेवेल. गाभाऱ्याच्या दाराला उघडझाप कळणारा चुंबकाचा सेन्सर आणि दानपेटीला धक्का कळणारा, एवढं बसवणं जास्त उपयोगाचं. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या सभेत हे मांडायचं असेल तर आपल्यातलीच कोणी उठून बोला; जीर्णोद्धाराच्या हिशोबाआधी बोला, नंतर सगळे जेवायच्या घाईत असतात, सूर्य कोणासाठी थांबत नाही.